४०० व्होल्टवरून १२ व्होल्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर (ट्रान्सफॉर्मरशिवाय डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) मी बनवलाय, मस्त चालतो. आता ४०० व्होल्ट डीसीवरून १२ व्होल्ट, ८ अँपियर पाहिजेत. सर्किट तेच ठेवलं, १०० किलोहर्ट्झ, फक्त मॉसफेट (भराभर ऑन-ऑफ होणारा स्विच) आणि डायोड ६०० व्होल्टच्या वरचे टाकले. पण मॉसफेट भयंकर तापतो आणि कमी लोडला इंडक्टर किरकिरतो. कुठे गडबड होतेय?

उत्तर: तुमच्या सोल्डरिंगमध्ये किंवा पार्ट्समध्ये काही खोट नाहीये, गडबड रेशोची आहे. बकची ड्यूटी, म्हणजे मॉसफेट किती टक्के वेळ ऑन असतो ते, आउटपुट भागिले इनपुट एवढी असते. ४८ वरून १२ म्हणजे २५ टक्के, १०० किलोहर्ट्झला मॉसफेट अडीच मायक्रोसेकंद ऑन. ४०० वरून १२ म्हणजे फक्त ३ टक्के, म्हणजे ३०० नॅनोसेकंद, आणि बऱ्याच कंट्रोलर आयसींचा कमीत कमी ऑन टाइमच तेवढ्याच्या आसपास असतो, त्याच्याखाली त्यांना जाता येत नाही, मग आउटपुट वर चढायला लागलं की ते मधले पल्स गाळतात आणि ती गाळण्याची फ्रिक्वेन्सी कानाला ऐकू येईल इतकी खाली येते. तुमची किरकिर बहुतेक हीच.

आता तापण्याचं बघा. इनपुटचा सरासरी करंट जेमतेम पाव अँपियर आहे, त्यामुळे मॉसफेटवर फार ताण नसेल असं वाटतं, पण तो ऑन असतो तेव्हा त्याच्यातून पूर्ण ८ अँपियर जातात आणि ऑन-ऑफ होताना हे ८ अँपियर आणि ४०० व्होल्ट एकाच वेळी त्याच्या अंगावर असतात. ऑन व्हायला ३० आणि ऑफ व्हायला ३० नॅनोसेकंद धरा, तर ४०० गुणिले ८ च्या निम्मे, गुणिले ६० नॅनोसेकंद, गुणिले एक लाख, आले जवळजवळ १० वॉट. डायोडचं तर त्याहून वाईट, ९७ टक्के वेळ करंट त्याच्यातूनच वाहतो, आणि ४०० व्होल्ट अडवायचे म्हणून साधा शॉटकी (कमी ड्रॉपचा डायोड) चालत नाही, अल्ट्राफास्ट डायोड घ्यावा लागतो, त्याचा ड्रॉप सव्वा व्होल्ट धरला तरी आणखी १० वॉट गेले. ९६ वॉटच्या आउटपुटसाठी २० वॉट नुसते जाळायचे हे काही बरोबर नाही.

आणि मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मॉसफेट जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, आणि बकमध्ये तो शॉर्ट झाला की ४०० व्होल्ट सरळ तुमच्या १२ व्होल्टच्या बोर्डवर.

म्हणून इथे ट्रान्सफॉर्मर हवाच. मोठा भागाकार वेढ्यांना करू द्या, ड्यूटीकडे फक्त बारीक अ‍ॅडजस्टमेंट ठेवा. माझं मत टू-स्विच फॉरवर्डला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी दोन मॉसफेट एकदम ऑन-ऑफ करतात त्या सर्किटला. ११ ला १ रेशो घेतला की सेकंडरीला ३६ व्होल्टचे पल्स मिळतात, ३५ टक्के ड्यूटीला डायोडचा ड्रॉप वजा जाऊन १२ व्होल्ट बरोबर बसतात, सेकंडरीला १०० व्होल्टचा शॉटकी चालतो आणि प्रायमरीचा करंट पाऊण अँपियरच्या आसपास येतो. दोन क्लॅम्प डायोडमुळे मॉसफेटवर बसच्या (म्हणजे ४०० व्होल्टच्या इनपुट लाइनच्या) फार वर व्होल्टेज जात नाही, तुमचा सध्याचा मॉसफेट चालेल, तसलाच आणखी एक लागेल. फक्त ड्यूटी ५० टक्क्यांच्या आत बांधलेला कंट्रोलर घ्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा कोर रीसेट होणार नाही, म्हणजे त्यातलं चुंबकत्व दर पल्सनंतर उतरणार नाही, आणि तो सॅच्युरेट होईल. फीडबॅक ऑप्टोकपलरमधून (तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा पार्ट) आणा, त्याच्याखालून कुठलाही ट्रॅक नेऊ नका. ३०-४० वॉटपर्यंत असतं तर फ्लायबॅक हा एकाच मॉसफेटचा सोपा प्रकार सांगितला असता. एलएलसी या रेझोनन्सवर चालणाऱ्या प्रकाराची एफिशियन्सी सुंदर असते पण पहिल्याच हाय व्होल्टेज डिझाइनला त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: बसवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, त्याला ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) किती ओहमचा लावू?

उत्तर: ४०० व्होल्टला त्यात ३७-३८ जूल साठलेले असतात, जीव घ्यायला पुरेसे, तेव्हा हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. ४७ किलोओहमचे दोन, २ वॉटचे, सिरीजमध्ये लावा. एकच का नाही, तर रेझिस्टरला वॉटसारखंच व्होल्टेजचंही रेटिंग असतं आणि छोट्या रेझिस्टरचं ते २००-२५० व्होल्टच असतं, वॉट बघून घेतलेला एकटा रेझिस्टर ४०० वर महिनोन्महिने राहिला तर कधीतरी ओपन होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोघांत २००-२०० वाटले जातात. बंद केल्यावर ५० व्होल्टपर्यंत यायला दीड मिनिट लागतं. तरी हात घालायच्या आधी दरवेळी मीटर लावून बघायचंच, ब्लीडर आहे म्हणून सोडायचं नाही.

प्रश्न: पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: थेट ४०० देऊ नका. कंट्रोलरला वेगळा सप्लाय द्या, बसवर बेंच सप्लायचे ३०-४० व्होल्ट, आणि आधी दोन्ही गेटचे वेव्हफॉर्म बघा. ते स्वच्छ दिसले की सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू चढवा. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते, ती वरच्या मॉसफेटच्या सोर्सला लावलीत तर स्फोटच, आणि बस मेन्स रेक्टिफाय करून आलेली असेल तर तिच्या निगेटिव्हलाही लावायची नाही. डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा प्रोब) वापरा, स्कोपची अर्थ पिन काढायचा उद्योग अजिबात करू नका. फ्यूज डीसी रेटिंगचाच घ्या, कारण डीसीमध्ये करंट शून्यातून जातच नाही, त्यामुळे एसीचा फ्यूज वितळला तरी आत आर्क पेटलेला राहू शकतो.