वाचकांचे प्रश्न : मालगुजारी वाड्याचे मोल

प्रश्न : उमरेडजवळच्या गावी आमच्या पणजोबांचा मालगुजारी वाडा आहे. भिंतींना ओल येते, म्हणून गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतात. घरातील काहींना वाडाच पाडलेला बरा वाटतो. अशा वाड्याला वारसा म्हणून मोल असते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : निश्चितच असते, आणि ते केवळ नक्षीदार सागवानी खांबांपुरते नसते. १८६० च्या दशकातील जमीनबंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावांची मालकी मिळाली आणि १९५१ मध्ये ती पद्धत संपली. या काळात गावाचा सारा, धान्य आणि तंटे ज्या देवडीतून आत आले, ती देवडी म्हणजे त्या गावाचा दप्तराबाहेरचा इतिहास होय. शिवाय नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मातीच्या जाड भिंती उष्णता फार उशिरा आत सोडतात, आणि चौकातून व कवेलूंच्या (कौलांच्या) फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबच्या घरात हे सुख मिळत नाही.

सिमेंटचा गिलावा मात्र कृपया करू नका. माती-चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट सिमेंट अडवते, त्यामुळे भिंत आतून भुसभुशीत होते आणि तिच्यात रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. असे वाडे पाहताना मन विषण्ण होते. आधी फुटकी कवेलू बदला, पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर न्या, भिंत वाळू द्या आणि मग चुन्याचाच गिलावा करा. पाडण्याविषयी बोलण्यापूर्वी संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून वाड्याची मोजणी करून घ्यावी.