संग्रहालयातले विमान छायाचित्रातल्यासारखे का दिसत नाही?

प्रश्न : लढाऊ विमानांची सेवेत असतानाची छायाचित्रे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. संग्रहालयात मात्र तेच विमान वेगळे वाटते. रंग नको इतका चकचकीत असतो, धुराचे डाग कुठेच नसतात, इंजिनाच्या तोंडाला झाकण असते आणि कधी कधी तर कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची, काचही रंगवलेली असते. ही विमाने खरी असतात का? खरी असतील, तर इतकी बदलतात का?

उत्तर : बहुतेक विमाने खरीच असतात; परंतु सेवेतून निघाल्यापासून आपल्यासमोर येईपर्यंत त्यांच्यावर बरेच काम झालेले असते.

सर्वांत आधी विमान निर्धोक करावे लागते. तोफा काढल्या जातात किंवा निकामी केल्या जातात, आणीबाणीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधली स्फोटक काडतुसे काढून घेतली जातात, इंधन उपसले जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या मापकांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे आणि तो किरणोत्सर्गी असल्यामुळे पुष्कळदा त्या तबकड्याही काढाव्या लागतात. वापरण्याजोगे इंजिन सुट्या भागांसाठी ठेवून घेतले जाते आणि मोकळ्या झालेल्या तोंडात पक्ष्यांनी घरटी करू नयेत म्हणून त्यावर झाकण बसते. एवढे वजन उतरल्यावर चाकांचे दबलेले दांडे मोकळे होऊन लांबतात, त्यामुळे विमान सेवेत असताना उभे राहायचे त्याहून उंच दिसते. नाकातले रडार काढले असेल तर तोल मागे जाऊ नये म्हणून तिथे वजन भरावे लागते. काही गोष्टी गुप्ततेसाठीही जातात. रडारला सहसा न दिसणारी एफ-117 ही अमेरिकी विमाने अलीकडे संग्रहालयांना देताना त्यांच्यावरचा रडारलहरी शोषणारा थर काढून टाकण्यात आला. अमेरिकी हवाई दलाच्या डेटन येथील संग्रहालयातले बी-2 हे बॉम्बफेकी विमान तर मजबुतीच्या चाचण्यांसाठी बनवलेला सांगाडा आहे. ते कधी उडालेलेच नाही.

आपल्याला खटकलेली मुख्य गोष्ट मात्र रंगाची आहे. सेवेतल्या विमानाचा मॅट, म्हणजे चमक नसलेला, रंग उन्हाने काही महिन्यांतच फिका पडतो, इंजिनाचा धूर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या मागे काजळीचा पट्टा उमटतो, पंखाच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी रंग उडून धातू उघडा पडतो आणि दुरुस्त केलेल्या जागी ब्रशने मारलेला ताजा रंग आजूबाजूच्या रंगाहून गडद दिसतो. संग्रहालयात येताना हे सारे घासून काढले जाते आणि संपूर्ण विमानाला एकाच वेळी फवाऱ्याने एकसारखा रंग दिला जातो. उघड्यावर ठेवायच्या विमानाला तर मुद्दाम चकचकीत रंग देतात, कारण मॅट रंगात धूळ आणि ओल धरते, तर चकचकीत रंग धुता येतो आणि जास्त टिकतो. अतिनील किरणांनी कॅनॉपीचे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडून तडकते, आतले भाग कुजतात; काच रंगवण्यामागे हेच कारण असते.

कधी कधी विमानाची ओळखच बदललेली असते. डेटनमधले पी-40 हे लढाऊ विमान मुळात ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलेले किटीहॉक, म्हणजे पी-40 चेच निर्यातीचे रूप, आहे, पण त्यावर अमेरिकी वैमानिक ब्रूस हॉलोवे यांच्या विमानाची रंगसंगती आणि खुणा रंगवल्या आहेत. अशा वेळी फलकावर तसे स्पष्ट लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा मी नक्कीच ठेवीन.

खरे विमान त्याच्याच रंगात रंगवायचे म्हटले तरी त्याच्या आयुष्यातला कोणता दिवस दाखवायचा, हे ठरवावे लागते. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ युद्धानंतर अनेक वर्षे उघड्यावर पडून होते. अमेरिकेतली संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने 1984 मध्ये सुरू केलेल्या दीर्घ जीर्णोद्धारात त्याला ऑगस्ट 1945 मधले रूप देण्यात आले, म्हणजे मधली सगळी वर्षे पुसली गेली. याच संस्थेने ‘फ्लॅक-बेट’ या बी-26 बॉम्बफेकी विमानाबाबत वेगळी वाट धरली. 200 हून अधिक मोहिमा केलेल्या या विमानाच्या पत्र्यावर तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी पडलेल्या भोकांची हजाराहून अधिक ठिगळे आहेत आणि त्यांच्यासकट मूळ रंग जपण्याचे काम तिथे हाती घेतले गेले. लंडनमधल्या हेंडन येथील ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातले हॅलिफॅक्स तर याही पुढचे उदाहरण आहे: एप्रिल 1942 मध्ये नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरून बुडालेले हे बॉम्बफेकी विमान 1973 मध्ये वर काढले गेले आणि बव्हंशी तशाच गंजलेल्या, चुरगळलेल्या स्थितीत प्रेक्षकांसमोर ठेवले गेले. मूळ रंगाचा थर जिथे शिल्लक आहे तिथे त्याला हात लावू नये, असे मला मनापासून वाटते; विमान पुन्हा केव्हाही रंगवता येते, पण एकदा खरवडलेला थर परत आणता येत नाही.

पुढच्या भेटीत परवानगी असेल तिथवर जवळ जाऊन चाके आत घेण्याच्या खोबणीत डोकावून पाहा. रंगाचा फवारा तिथे सहसा नीट पोहोचत नाही, आणि कोपऱ्यातल्या रिव्हेटांभोवती जुना अस्तराचा रंग, क्वचित कारखान्यातल्या कामगाराने पेन्सिलने घातलेला आकडाही सापडतो.