सापळ्यात काळी माशी, तांबूस माशी: नर-मादी की वेगळ्या जाती?

प्रश्न: आंब्यात मिथाइल युजेनॉलचा (फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावलाय, शेजारी पेरू आणि कारल्याचा मांडवपण आहे. सापळ्यात काही फळमाश्या काळपट तर काही तांबूस पडतात, दोन्हींचे वरून काढलेले फोटो पाठवलेत. ह्यात नर कुठली, मादी कुठली? आणि एवढ्या माश्या पडूनपण कारली किडतातच, ते का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: मिथाइल युजेनॉलकडे फक्त नर येतात, त्यामुळे तुमच्या डब्यातले दोन्ही रंगवाले नरच धरा. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची सुईसारखी नळी असते, ती तुमच्या एकाही फोटोत दिसत नाही.

आता जात. इथे प्लीज रंगावर जाऊ नका, कारण आपली नेहमीची आंब्यावरची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, हिची पाठ बऱ्याचदा काळी असते पण तांबूसपण असू शकते, आणि कोषातून नुकती निघालेली माशी तर कुठल्याही जातीची असो, फिकटच दिसते. पंख बघा. पहिल्या फोटोत पंखाच्या पुढच्या कडेने गडद पट्टी सलग टोकापर्यंत गेलीय आणि पोटावर इंग्रजी टी सारखी काळी खूण आहे, म्हणजे डॉर्सालिस. दुसऱ्यात सलग पट्टी नाही, फक्त टोकाजवळ तपकिरी ठिपका आहे, ती झोनाटा किंवा करेक्टा, ह्याच बॅक्ट्रोसेरा गटातल्या दुसऱ्या दोन जाती. पाठ तांबूस आहे म्हणून मला झोनाटा वाटतेय, करेक्टाची सहसा काळी असते, पण खात्री चेहऱ्यावरून होईल: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके असतात आणि करेक्टाचे ते जुळून आडवी रेघ झालेली असते. वरून काढलेल्या फोटोत चेहरा येतच नाही ना, म्हणून मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवून एक फोटो समोरून काढा आणि एक पंख पसरून, मोबाइलला साधी मॅक्रो लेन्स लावली तरी पुरे.

फोटोची एक मर्यादा मात्र आहेच. 2005 मध्ये आफ्रिकेतल्या फळमाशीला इन्व्हाडेन्स म्हणून नवीन जात ठरवलं होतं आणि 2015 मध्ये तपासण्या करून तज्ज्ञांनी ती डॉर्सालिसच आहे असं ठरवलं, म्हणजे ह्या गटात त्यांनापण नुसत्या दिसण्यावर भागवता येत नाही.

कारल्याचं म्हणाल तर ती माशीच वेगळी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. तिच्या पाठीवर पिवळे पट्टे तीन असतात, दोन कडेला आणि एक मधोमध, तो मधला दिसला की ती वरच्या आंब्यावरच्या माश्यांपैकी नाही. ही मिथाइल युजेनॉलला येत नाही, तिचे नर क्यू ल्यूर ह्या वेगळ्या वासाच्या गोळीला येतात, म्हणून मांडवात त्या गोळीचा वेगळा सापळा लावा आणि किडकी कारली रोज गोळा करून नष्ट करा, कारण अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात आणि नुसते नर पकडून अंडी घालणाऱ्या माद्या काही थांबत नाहीत.