अण्णांची फौज गॅरेजच्या भिंतीवरच होती

प्रिय 'गॅरेजवाल्याची मुलगी',

तुझं पत्र मोठं आहे, बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुझे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यातले, 1968 ला भरती झाले, ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत व्हेईकल मेकॅनिक होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं ते अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत चालवलं. पुढच्या महिन्यात त्यांचं प्रथम पुण्यस्मरण आहे. दादाला चौकात बॅनर लावायचाय, 'एकाहत्तरच्या युद्धातील शूर योद्धा' असा, आणि तुला चार शब्द बोलायला सांगितलंय. तू लिहितेस, मावशी, सगळा गाव त्यांना मेजर म्हणायचा पण मला त्यांची फौजेतली एक गोष्ट माहीत नाही, विचारलं की "आम्ही गाड्या दुरुस्त करायचो" एवढंच बोलायचे, मग मी कुठल्या तोंडानं उभी राहू, मला तर फक्त ग्रीसनं काळे झालेले हात आठवतात. त्यात दादा गाळा भाड्यानं देतोय आणि हत्यारं भंगारात काढायची म्हणतोय, म्हणून तुमचं बोलणंच बंद झालंय.

बाळा, आधी एक सांगते. अण्णांनी तुझ्यापासून काही लपवलं नाही. ते खरंच गाड्या दुरुस्त करायचे आणि तेच त्यांचं सैनिकपण होतं.

ईएमई ही कोअर 15 ऑक्टोबर 1943 ला उभी राहिली, 'कर्म ही धर्म' हे तिचं ब्रीद. रणगाडा, तोफ, ट्रक, जीप, जे बिघडेल ते परत चालू करून द्यायचं हे तिचं काम. पलटणीबरोबर तिची एक छोटी तुकडी असते, फौजी लोक तिला एलएडी (लाइट एड डिटॅचमेंट) म्हणतात, ती पलटण जाईल तिथं जाते. अण्णांच्या काळात फौजेचा भार शक्तिमान ट्रकवर होता, 1959 पासून जबलपूरला बनायचे ते, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर, शिवाय निसानचे वन टन ट्रक आणि जोंगा जीप. आता विचार कर, 3 ते 16 डिसेंबर 1971, तेरा-चौदा दिवसांची लढाई, त्यात एक ट्रक वाटेत बंद पडला म्हणजे पुढच्यांचा दारूगोळा अडला, रेशन अडलं, मागं आणायचे जखमी अडले, आणि तो ट्रक जिथं बंद पडलाय तिथंच जाऊन कुणीतरी बॉनेट उघडायचं असतं, वर काय चाललंय ते न बघता. अण्णा नेमके कुठे होते हे मला माहीत नाही, पण "आम्ही गाड्या दुरुस्त करायचो" हे वाक्य आता परत एकदा वाच.

आणि तुझ्याच पत्रात तू काय काय लिहून गेलीस बघ ना. गॅरेजच्या भिंतीवर एक फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची काळ्या रंगात काढलेली आकृती, संध्याकाळी सगळ्या आकृत्या भरल्याशिवाय हेल्पर पोराला घरी सोडायचे नाहीत, आणि एकदा चौदाचा रिंग पाना सापडेना तर गिऱ्हाईकाची तयार झालेली गाडी परत उघडून बघितली, तो इंजिनजवळच राहिला होता. तुला लहानपणी हा त्यांचा हट्टीपणा वाटायचा. ईएमईतून रिटायर झालेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मी फोनवर हे वाचून दाखवलं तर ते मधेच म्हणाले, अहो ही तर आमची शॅडो बोर्ड! फौजेच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं अशीच लावतात, एक जागा रिकामी दिसली की हत्यार कुठल्यातरी गाडीत राहिलंय हे लगेच कळतं, आणि उद्या कुणाचा तरी जीव त्याच गाडीच्या भरवशावर असतो. म्हणजे तुझे फौजी अण्णा तुला माहीतच नाहीत असं तू म्हणतेस आणि ती फळी तर तू शाळेतून आलीस की रोज बघत होतीस.

तसंच ते खंबाटकी घाटाचं. अनोळखी माणसाची गाडी घाटात अडकली म्हणून कळलं की ताटावरून उठून जायचे, आई चिडायची. त्यांच्या आयुष्याची सुरुवातीची सगळी वर्षं बंद पडलेल्या गाडीपर्यंत पोचणं हेच कर्तव्य होतं गं, पेन्शन झाली म्हणून ते सुटत नाही. स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि टॅपेटचा आवाज आहे की बेअरिंगचा ते सांगायचे, हे तू इतकं सुंदर लिहिलंयस की मला तो माणूस दिसला. हेच बोल ना तिथं. शौर्याचं भाषण माजी सैनिक संघटनेचे लोक करतील, त्यांना करू दे.

बॅनरचं मात्र माझं मत स्पष्ट आहे, माहीत नसलेलं काही लिहू नका. पेटीतली तीन पदकं तुला ओळखता येत नाहीत म्हणतेस ना, ती काढ आणि कडेवर किंवा मागच्या बाजूला बघ, तिथं सहसा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. संग्राम पदक असेल तर ते एकाहत्तरचं. चांदणीच्या आकाराचं जे आहे त्याच्यावरचं नाव वाच, 'पूर्वी स्टार' असेल तर पूर्वेची आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेची, म्हणजे निम्मं उत्तर घरातच आहे. मग डिस्चार्ज बुक शोध, त्यात भरतीची तारीख, ट्रेड, पदकं सगळं असतं. ते आणि त्यांचा आर्मी नंबर घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्सला पत्र कसं लिहायचं ते सांगतील. उत्तर यायला वेळ लागेल, पुण्यस्मरणापर्यंत नाही आलं तर नाही आलं. बॅनरवर 'हवालदार, ईएमई' आणि खाली 'गॅरेजवाले अण्णा' लिहा, ते शंभर टक्के खरं आहे, आणि फोटो दोन लावा, एक वर्दीतला आणि एक गॅरेजमधला, मळक्या कपड्यातला चालेल, तोच लावा.

कागदांच्या आधी माणसं गाठ मात्र. अण्णांच्या बॅचचे जे दोघं अजून आहेत म्हणतेस ते पंच्याहत्तरीच्या पुढचे असणार, त्यांच्याकडे या रविवारीच जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव, आणि युद्धात काय केलं असं विचारू नकोस, ते गप्प बसतील, त्यापेक्षा शक्तिमानमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडायचं हे विचार. मेकॅनिक माणूस गाडीवर बोलायला लागला की थांबत नाही, त्यातून बाकीचं आपोआप येतं. त्या हेल्परलाही विचार, तो आता चाळिशीचा झालाय, त्यानं तुझ्यापेक्षा जास्त तास अण्णांबरोबर काढलेत.

आता हत्यारं. गाळा भाड्यानं जातोय तर जाऊ दे, दादाच्या घरखर्चाचाही विचार करायला पाहिजे आणि बंद शटरमागं पाने गंजलेले अण्णांना अजिबात चालले नसते. पण भंगारात नको, किलोवर तर नकोच. दादाला सरळ सांग की मला विकायचे नाहीत आणि कुलपातही ठेवायचे नाहीत, हेल्परला देऊया, फळीसकट, त्याचं स्वतःचं छोटं गॅरेज आहे तिथं लागतील. तुला एक ठेवायचा असेल तर तो चौदाचा पाना ठेव, पण मग फळीवर त्याच्या जागी दुसरा घेऊन दे. दादाशी हे आईसमोर बोल, फोनवर नको. माझा अंदाज असा की तोही रडलेला नाहीये नीट, म्हणून त्याला सगळं लवकर आवरायचंय.

आणि आईची फॅमिली पेन्शन 'स्पर्श' या फौजेच्या पेन्शन पोर्टलवर तिच्या नावानं सुरू झाली का ते पत्रात नाहीये, ते या आठवड्यात बघ, अडलं तर त्याच सैनिक कल्याण कार्यालयात विचार. चांदणीवर काय लिहिलंय ते मला नक्की कळव.

तुझी,
मावशी