ब्रेक उत्तम असतील तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची गरज काय?

तुम्ही विचारलंय की गाडी नवी आहे, एबीएस (जोरात ब्रेक लागल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, हात बसलेला आहे, मग पुढच्या गाडीला चिकटून चालवलं तर बिघडतं काय? आणि अंतर ठेवायचंच तर नेमकं किती?

ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याचं काम पेडलवर पाय पडल्यानंतर सुरू होतं. पुढचे लाल दिवे पेटलेले दिसणं, थांबायला हवं हे कळणं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर नेणं, यात सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. म्हणजे दीड सेकंदात २५ मीटर गेले आणि वेग अजून ६० चा ६०च! त्यानंतर कोरड्या डांबरावर, धड टायरवर, करकचून ब्रेक दाबला तर आणखी साधारण २० मीटर लागतात. एकूण ४५. हाच हिशेब ८० च्या वेगाला ६८-६९ मीटर होतो आणि १०० ला ९७ च्या आसपास. ओल्या रस्त्यावर यातला ब्रेकचा भाग पावणेदोनपट धरा.

ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. ‘वीसनेच तर जास्त होतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक गणित. दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ८० ने, दुसरी १०० ने. समोर अडथळा दिसतो आणि दीड सेकंदाने दोघे एकाच क्षणी ब्रेक दाबतात. ८० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, त्याच जागेवरून १०० ची गाडी अजून ताशी ७० च्या वेगाने पुढे जात असते. वरचा वीसचा फरक आदळताना सत्तरचा होऊन बसतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की पुढची गाडीसुद्धा जागच्या जागी थांबत नाही, तीही तेवढीच घसटत जाते. मग मला पूर्ण अंतर कशाला? आक्षेप बरोबर आहे. दोघांचे ब्रेक सारखे असतील तर फक्त आपल्या प्रतिक्रियेचा वेळ भरून निघेल एवढं अंतर पुरतं. दोन सेकंदांचा प्रचलित नियम त्यावरच उभा आहे. पण तो दोन ठिकाणी साफ फसतो. पुढची गाडी ब्रेक न लावता कशावर तरी आदळून थांबली तर, आणि ऐनवेळी बाजूला झाली व तिच्यापुढे उभा असलेला बंद ट्रक एकदम तुमच्यासमोर आला तर. तेव्हा पूर्ण थांबण्याएवढी जागा लागते. म्हणून मी तीन सेकंद सांगतो. ८० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ६७ मीटर, जवळजवळ पूर्ण थांबण्याएवढं अंतर. त्याहून जास्त वेग असेल किंवा रस्ता ओला असेल, तर चारच्या पुढे जा.

मीटर मोजत बसायचं नाही, ते कुणाला जमतही नाही. पुढच्या गाडीची मागची बाजू एखाद्या खांबाच्या किंवा सावलीच्या रेषेला आली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. ‘तीन’ पूर्ण होण्याआधी तुमचं बॉनेट तिथे पोचलं तर तुम्ही फार जवळ आहात. ॲक्सिलरेटर थोडा सोडा, अंतर आपोआप वाढेल. मध्ये कुणी घुसलं तर पुन्हा तेच करा. एक गाडी घुसल्याने तुमचे फार तर तीन सेकंद जातात, आणि खरं दुखतं ते वेळेपेक्षा मानापमानाचं असतं. तुमच्याच मागे कुणी चिकटलं असेल तर त्याला घाबरवायला ब्रेक मारू नका. उलट पुढचं अंतर आणखी वाढवा, म्हणजे वेळ आली तर हळूहळू थांबता येईल आणि त्यालाही थांबायला वाव मिळेल. साइड मागत असेल तर देऊन टाका.

आता एबीएस. त्याचं मुख्य काम अंतर कमी करणं नव्हे, तर जोरात ब्रेक लागल्यावर चाक लॉक होऊ न देणं, म्हणजे स्टिअरिंग तुमचं ऐकत राहतं. ते चालू होतं तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं. बरेच जण त्याला दचकून पाय सैल करतात. तसं करू नका. पाय पूर्ण दाबून ठेवा आणि मोकळ्या बाजूला वळवा. सुट्या खडीवर मात्र एबीएसची गाडी उलट लांब जाऊन थांबते. दुचाकीवर पुढचा ब्रेक टाळणाऱ्यांचंही चुकतं. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद तिथेच असते. गाडी सरळ उभी असताना पुढचा लिव्हर एकदम न ओढता दाब वाढवत न्या, सोबत मागचाही लावा. वळणावर गाडी कललेली असताना किंवा वाळूवर मात्र पुढचा करकचून धरलात तर पडलातच.

हा सेकंदांचा हिशेब लावला की बाकीच्या वाईट सवयी किती महाग पडतात तेही दिसतं. ८० च्या वेगात मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं की ४४ मीटर डोळे मिटून गेल्यासारखे जातात, आणि प्रतिक्रियेचा दीड सेकंद त्यानंतर सुरू होतो. हँड्सफ्रीने हात मोकळा होतो, डोकं होत नाही. झोपेचं त्याहून वाईट. डुलकी तीन-चार सेकंदांची असली तरी त्यात पाय ब्रेकवर जातच नाही. काच उघडणं, गाणी मोठी करणं याने काही मिनिटं निभतात, एवढंच. सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपणं हाच खरा उपाय आहे. रात्री डिपरवर (खाली झुकवलेल्या दिव्यांवर) उपयोगी प्रकाश साधारण ४०-५० मीटर पडतो. म्हणजे डिपरवर ८० ने जाताना, दिसेल त्या अंतरात तुम्ही थांबूच शकत नाही.

दुहेरी रस्त्यावरचं ओव्हरटेक हा सर्वात फसवा प्रकार. ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. मागचं-पुढचं किमान अंतर, ट्रकची लांबी आणि तुमची गाडी मिळून ६० मीटर जास्त कापायचे आहेत, आणि वेगातला फरक सेकंदाला फक्त साडेपाच मीटर. म्हणजे ११ सेकंद तुम्ही उलट्या बाजूला! तेवढ्यात तुम्ही जवळपास २४० मीटर जाता आणि समोरचा ८० ने येत असेल तर तोही २४०. तेव्हा अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसत नसेल तर निघू नका. वळण किंवा चढाचा माथा पुढे असेल तर प्रश्नच नाही. ट्रकच्या बुडाला चिकटून डोकावण्यापेक्षा मागे राहिलात तर पुढचं जास्त दिसतं. शिवाय ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

उतारावर न्यूट्रल टाकण्याची सवय असेल तर आजच सोडा. इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापून पकड सोडायला लागतात. इंजिन बंद केलंत तर आणखी वाईट, कारण दोन-तीनदा दाबल्यावर बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा.

टायरबद्दल थोडक्यात. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा आहे, पण पावसात ३ मिलिमीटरच्या खालीच पकड झपाट्याने घटते. हवा गार टायरमध्ये तपासा. कमी हवेचा टायर फोपसा होऊन कडेला तापतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात फुटतो.

थांबलेल्या गाडीमागे किती अंतर, हेही विचारलं होतंत. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत, एवढं. ती बंद पडली तर रिव्हर्स न घेता बाजूने निघता येतं आणि मागून धडक बसली तरी तुम्ही तिच्यावर ढकलले जाण्याची शक्यता कमी होते. चढावर असाल तर आणखी हातभर जास्त सोडा, कारण क्लच सोडताना पुढची गाडी मागे घरंगळू शकते.