पाठकोऱ्या कागदाची वही

प्रश्न : लहानपणी घरात पाठकोरा कागदही वाया जात नसे. वर्ष संपलं की वह्यांमधली उरलेली पानं काढून नवी वही शिवायची. कागदकामाची गोडी तिथूनच लागली. आता मुलांसोबत तशा वह्या करताना पानं निसटतात. कुठे चुकतंय?

उत्तर : चूक बहुधा शिवणीत नाही, पानांत आहे. मधोमध पिना मारलेल्या वहीत पुढचं आणि मागचं पान एकाच कागदाचे दोन भाग असतात. वही निम्म्याहून जास्त लिहून झाली की मागच्या प्रत्येक कोऱ्या पानाचं जोडपान लिहिलेलं असतं. म्हणजे हाती येतात ती सुटी पानं, आणि त्यांना दोरा धरायला घडीच नसते.

सोपा उपाय म्हणजे कडेने शिवणं. ४० पानं ठोकून एकसारखी करा, चिमट्यांनी घट्ट धरा, कडेपासून १ सेंमी आत दाभणाने भोकं पाडून शिवा. ही वही मजबूत होते, पण पूर्ण उलगडत नाही, त्यामुळे आतल्या बाजूला निदान अडीच सेंमी जागा कोरी सोडावी लागते.

चित्रांसाठी वही सपाट उघडायला हवी असेल तर थोडी जास्त मेहनत घ्या. दोन सुटी पानं शेजारी ठेवून, मध्ये मिलिमीटरभर फट सोडून, २ सेंमी रुंदीची पातळ कागदाची पट्टी चिकटवा. वाळल्यावर पट्टीवरच घडी घाला. अशा ४ जोड्या एकात एक बसवा. त्याहून जास्त घेतल्या तर पट्ट्यांमुळे कणा, म्हणजे वहीची घडीकडची बाजू, फुगतो. घडीवर ३ भोकं पाडा. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. दोरा ओढायचा तो कण्याच्या दिशेने. पानाशी काटकोनात ओढला की भोक फाटतं, आणि निसटण्याची सुरुवात तिथेच होते.

एका बाजूने छापलेले ए-४ कागद असतील तर ते आधी आडवे अर्धे कापा आणि मगच दुमडा. या कागदांचे तंतू बहुतेक वेळा लांब बाजूने धावतात. अख्खा ए-४ मधोमध दुमडला तर घडी तंतूंना आडवी जाते आणि वही फुगून उघडी राहते. कापून दुमडल्यावर घडी तंतूंच्या दिशेने येते. वही लहान होते, पण शहाण्यासारखी मिटून बसते.

प्रश्न : पुठ्ठ्यावर कागद चिकटवला की पुठ्ठा वाकतो. खळ बिघडते का?

उत्तर : खळीचा दोष नाही. ओला कागद पसरतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला स्वतःकडे ओढतो. आतल्या बाजूनेही त्याच जाडीचा कागद लावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. पुठ्ठ्याचे आणि कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. वर जड वजन ठेवा, वहीच्या दोन्ही बाजूंना कोरडे टिपकागद घाला आणि पहिल्या तासात ते एकदा बदला. एक दिवस उचलू नका. घाईने उचललेलं कव्हर हमखास वाकतं.

खळीसाठी मैद्याचे ३ मोठे चमचे एक कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी आहे. मुलं हाताळणार असतील तर अजिबात नको.

प्रश्न : मुलगी प्रत्येक वेष्टन, प्रत्येक वर्तमानपत्र जपून ठेवते. थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका, निवडायला शिकवा. एक कोपरा फाडून बघायला सांगा. कडेला तंतू दिसले तर तो कागद. ताणला जाऊन चकचकीत पापुद्रा निघाला तर त्यावर प्लॅस्टिक आहे, त्याचा लगदा होणार नाही आणि खळही धरणार नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, म्हणून तो उन्हात लवकर पिवळा पडतो. घड्यांचा सराव, मुखवट्यांचे थर आणि लगदा यांसाठी तो उत्तम आहे. जपून ठेवायच्या वहीत मात्र घालू नये. आणि खोका एकच ठेवा; तो भरला की नवा कागद घेण्याआधी आतला काहीतरी वापरायचा.