ख्याल ऐकणाऱ्याला डोनाउएशिंगेनच्या संगीत महोत्सवात काही मिळेल का?

तुम्ही विचारलंय, की स्टुटगार्टला नोकरीसाठी आलोय, लहानपणापासून ख्याल ऐकत आलोय, आणि ऑफिसातला एक जर्मन सहकारी ऑक्टोबरातल्या डोनाउएशिंगेनच्या महोत्सवाचं, म्हणजे त्या जर्मन गावात भरणाऱ्या आजच्या नव्या पाश्चात्त्य संगीताच्या महोत्सवाचं, तिकीट काढ म्हणून मागे लागलाय. आपल्या कानांना तिथे काही मिळेल, की पैसे पाण्यात जातील?

मिळेल. जा. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या दाजींचं वर्षानुवर्षं वाजतंय.

दाजी पुण्याचे. तबला उत्तम वाजवतात, सवाई कधी चुकवत नाहीत. ताई आणि ते आमच्याकडे फ्रायबुर्गला आले होते तेव्हा मी हौसेने त्यांना डोनाउएशिंगेनला नेलं. कार्यक्रम खेळाच्या हॉलमध्ये होता, आणि आम्हाला कडेची जागा मिळाल्यामुळे तालवाद्यं वाजवणारी बाई अगदी समोर. ती अंगठा ओला करायची आणि मोठ्या ढोलाच्या चामड्यावर दाबत पुढे न्यायची. खोल, कण्हल्यासारखा नाद निघायचा. दाब किंचित वाढला की स्वर वर सरकायचा. मग हात उचलून ती पान उलटायची आणि कंडक्टरच्या इशाऱ्याची वाट बघायची. बायावर, म्हणजे डग्ग्यावर, घिस्सा देताना मनगट दाबत सरकतं, तेच हे, आणि दाजींनी जन्मभर दुसरं काय केलंय? पण मध्यंतरात ते म्हणाले, "याला ना लय, ना सम. चुकलं तरी कळणार कुणाला? यात तयारी कसली?" उरलेला कार्यक्रम त्यांनी बाहेर बाकावर बसून काढला. अजूनही घरात कुठलं कार्य असलं की हा किस्सा ते चारचौघांत सांगतात.

तर तयारीबद्दल. याच गावात 1961 साली कंडक्टर हान्स रोसबाउड यांनी संगीतकार लिगेतीची 'अ‍ॅटमॉस्फिअर्स' ही वाद्यवृंदाची रचना पहिल्यांदा सादर केली. सुरुवातीलाच पाच सप्तकांहून अधिक पसरलेला स्वरांचा एक थर, तोही अत्यंत हळू आवाजात. ठोका नाही, धून नाही, आणि तंतुवाद्यं वाजवणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहिलेली. पाठीशी ठेका नसताना इतक्या माणसांनी कुणाचाही सूर वर न काढता एकत्र शिरायचं, हे मला द्रुत तानांपेक्षा अवघड वाटतं. श्रोत्यांनी त्या दिवशी ती रचना पुन्हा वाजवायला लावली. चक्क वन्स मोअर. त्याआधी दहा वर्षं, 1951 साली, इथेच फ्रेंच संगीतकार बूलेझच्या रचनेची हुर्यो उडवली गेली होती. म्हणजे हे श्रोते काहीही ऐकून माना डोलावणारे नाहीत.

दाजींचा दुसरा मुद्दा असतो, "उपज आपल्याकडे आहेच, त्यात नवीन काय?" अहो, डोनाउएशिंगेनला बहुतेक सगळं लिहिलेलं असतं, मुद्दाम सांगून करवून घेतलेलं आणि पहिल्यांदाच वाजणारं. मोकळी उपज, म्हणजे काहीही न ठरवता जागच्या जागी सुचेल ते वाजवणं, हा वेगळा प्रांत. त्यासाठी जर्मनीतल्याच म्योर्स गावचा महोत्सव आहे, 1972 पासूनचा. लंडनमध्ये गिटारवादक डेरेक बेली 1977 पासून 'कंपनी वीक' भरवायचा. एरवी एकत्र न वाजवणाऱ्यांना आणून आठवडाभर एकमेकांसमोर उभं करायचा. तिथे रागाचं चलन सांभाळून घेत नाही की ठेका. शेजारचा पुढे काय करेल याचा भरवसा नाही, त्यामुळे ऐकण्यावाचून सुटका नाही. आपल्या उपजेला याने कमीपणा येत नाही, पण दोन्ही एकच म्हणणं हे न ऐकताच बोलणं झालं.

उलट ख्याल ऐकणाऱ्याला इथे जास्त मिळतं असं माझं ठाम मत आहे. विलंबितात एकेक स्वर कसा लावला जातो याकडे आपलं लक्ष असतंच. तेच लक्ष द्यायचं, फक्त समेची वाट बघायची नाही.

आता सांगायचं राहिलं ते. सगळं चांगलं नसतं. रचना नवी कोरी म्हणजे तावून सुलाखून काही आलेलं नाही. अर्धंअधिक कंटाळवाणंही निघू शकतं. स्पीकरवरचे काही प्रयोग कानठळ्या बसवतात, कापसाचे बोळे खिशात ठेवा. आणि ज्या बाडेन-बाडेन आणि फ्रायबुर्गच्या रेडिओ वाद्यवृंदाने हा महोत्सव दशकानुदशकं तोलून धरला, तो 2016 साली स्टुटगार्टच्या वाद्यवृंदात विलीन केला गेला. आम्हा फ्रायबुर्गकरांना ते आजही सलतं, पण वादक त्याच तोडीचे आहेत.

पहिल्यांदा जाताय तर सगळे दिवस सगळं ऐकायचा अट्टहास नको. रविवारचा समारोपाचा वाद्यवृंदाचा कार्यक्रम घ्या. गाव लहान आहे, मुक्कामाची खोली तिकिटाआधी बघा. आणि आवडलं नाही तर खुशाल उठून या, पण बाहेर येऊन 'यात तयारी नाही' एवढं मात्र म्हणू नका.